जेवण घातलं, मॅच ठेवली, तरी पोरं दोन टोकांलाच

पत्र:

ताई, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. माझ्या शिफ्टला निम्मी पोरं आपल्या हातकणंगले, पन्हाळा, शिरोळकडची आणि निम्मी बिहार, ओडिशाची. मोल्डिंग (वाळूचे साचे बनवणं), इन्स्पेक्शनला आपली, नॉकआऊट (साचा फोडून कास्टिंग काढणं) आणि फेटलिंगला (ते घासून साफ करणं) ती. जेवायला दोन टोकांला बसतात, बोलतात ते कामापुरतं आणि तेही ओरडून. आपली पोरं म्हणतात ह्यांनी रेट पाडला, ह्यांचा भरवसा नाही, छठला गेली की महिनाभर गायब, आणि आपल्यात मिसळायलाच मागत नाहीत. मी सगळ्यांना एकत्र आणायचं म्हणून तांबडा-पांढऱ्याचं जेवण घातलं, त्यात टोमणेच जास्त झाले. मग कोल्हापूर विरुद्ध बिहार-ओडिशा अशी क्रिकेट मॅच ठेवली, तिथं भांडण होऊन एका पोराच्या डोक्याला टाके पडले. मालक म्हणतात तूच निस्तर. २०१९ च्या महापुरात हायवे बंद पडला तेव्हा याच शॉपवर दोन्हीकडची पोरं जिवाला जीव देऊन राबली होती, ते सगळं कुठं गेलं? आता बिहारची पोरं म्हणतात सप्टेंबरात शॉपवर विश्वकर्मा पूजा करूया, आपली म्हणतात इथं खंडेनवमी होते, हे नवीन कशाला. परवानगी देऊ का नको? आणि चूक नेमकी कुणाची तेवढं सांगा.
– एक वाचक, शिरोली

उत्तर:

दादा, आधी त्या टाके पडलेल्या पोराचं बघा. दवाखान्याचा खर्च, त्याचे बुडालेले खाडे, आणि ज्यानं मारलं त्याच्यावर नियमानं जी कारवाई व्हायची ती, एवढं झाल्याशिवाय बाकी कशाला हात घालू नका. कारवाई त्या एका माणसावर करायची, त्याच्या जिल्ह्यावर किंवा राज्यावर नाही, आणि हे सगळ्यांसमोर स्पष्ट बोलून दाखवा. मी पुढं जे सांगणाराय ते न्यायाच्या नंतरचं आहे, न्यायाच्या बदल्यात नाही.

आता चूक कुणाची. तुमचं जेवणाचं आणि मॅचचं वाचलं आणि मला १९५४ सालचा एक प्रयोगच डोळ्यापुढं आला, सामाजिक मानसशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही तो चुकत नाही. मुझफ्फर शेरीफ म्हणून मूळचे तुर्कस्तानचे मानसशास्त्रज्ञ, त्यांनी अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये रॉबर्स केव्ह नावाच्या ठिकाणी अकरा-बारा वर्षांच्या २२ पोरांचं शिबिर भरवलं. पोरं सगळी सारख्याच घरांतली, एकाच वर्णाची, एकाच धर्माची, म्हणजे भांडायला तसं काही कारणच नाही. दोन गट केले, एक ईगल्स, एक रॅटलर्स. पहिले काही दिवस दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, मग त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या, जिंकेल त्याला मेडल आणि चाकू. झालं, शिव्या सुरू, झेंडे जाळले-पळवले, रात्री एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घातल्या. मग शेरीफनं तुम्ही केलं तेच केलं बघा, दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. जेवणात पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं! म्हणजे तुमच्या तांबड्या-पांढऱ्यात टोमणे झाले यात तुमचं काही विशेष बिघडलेलं नाही, भांडलेल्या दोन गटांना नुसतं शेजारी बसवलं की भांडायला जागा जवळ मिळते एवढंच होतं.

मग शेरीफनं काय केलं, तर अडचणी आणल्या. शिबिराचं पाणी बंद झालं, दोन्ही गटांनी मिळून लाईन तपासल्याशिवाय पाणी येईना. सिनेमा आणायचा तर दोघांनी वर्गणी काढल्याशिवाय पैसे पुरेनात. जेवणाचा ट्रक सुरू होईना, तर पोरांनी रस्सीखेचीचाच दोर बांधून सगळ्यांनी मिळून ट्रक ओढला. आणि इथं तुमच्या महापुराच्या प्रश्नाचं उत्तर आहे: पहिली अडचण संपली की पोरं पुन्हा शिव्यांवर आली होती. एकानं काही झालं नाही, अशा अडचणी एकामागून एक आल्या तेव्हा कुठं हळूहळू पोरं एका टेबलावर मिसळून बसायला लागली. पूर ओसरला, हायवे सुरू झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडं एकमेकांची गरज लागेल असं काहीच उरलं नाही, मोल्डिंग वेगळं, फेटलिंग वेगळं, जेवणाचा डबा वेगळा. आणि मधल्या काळात पोरंही बदलली असणार, नव्यानं आलेल्याला पूर माहीतच नाही.

याच शेरीफचा आदल्या वर्षीचा, १९५३ चा, असाच एक प्रयत्न फसला होता, आणि मला तो जास्त कामाचा वाटतो. तिथं गट पाडायच्या आधी पोरांना एकत्र राहू दिलं होतं, त्यांची दोस्ती झाली होती, नंतर कितीही चिथावलं तरी ती एकमेकांच्या अंगावर जाईनात, उलट ही मोठी माणसंच आपल्याला लावून देतायत असा त्यांना संशय आला. त्यामुळं नवीन पोरगा भरती झाला, मग तो वडगावचा असो नाहीतर भागलपूरचा, त्याचे पहिले दिवस सगळ्यात महत्त्वाचे. पहिल्याच आठवड्यात तो कुठल्या टोकाला जेवायला बसतो ते ठरून जातं. त्याला पहिल्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या एखाद्या शांत, कामात हुशार माणसाच्या हाताखाली द्या.

गट पडायला खरंतर काहीच लागत नाही. हेन्री ताजफेल म्हणून होते, पोलंडमधल्या ज्यू घरातले, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या कैदेत सापडले, सुटून आले तर घरचं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. माणूस नुसत्या गटावरून दुसऱ्याचं वाईट का करतो हा प्रश्न त्यांना पुस्तकातून पडला नव्हता. त्यांनी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी पोरांना अगदी फालतू कारणावरून गटांत वाटलं, पडद्यावरचे ठिपके मोजताना जास्त अंदाज केला का कमी, हे चित्र आवडलं का ते. समोरासमोर भेट नाही, भांडण नाही, स्वतःला एक पैसा मिळणार नाही, तरी पैसे वाटायला दिल्यावर पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. १९७० मध्ये हे छापून आलं. त्यातली एक गोष्ट मला फार खटकते, पोरं कित्येकदा आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळू दे असं बघत होती. यावरूनच पुढं ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये सामाजिक ओळखीचा सिद्धांत मांडला, की माणूस स्वतःची किंमत आपल्या गटाच्या किमतीवरून धरतो, म्हणून आपला गट वरचढ दिसावा अशी ओढ असते.

आपल्याला हे कोल्हापुरात समजावून सांगायला नको ओ. शाहू स्टेडियमवर तालमींची फुटबॉल मॅच असली की कुठल्या पेठेचा यावर माणसाचा आवाज ठरतो, आणि तीच माणसं दुसऱ्या दिवशी बाहेरच्या टीमविरुद्ध एका बाजूला बसून ओरडतात. म्हणजे गटाची रेघ कुठं मारायची ते बदलता येतं, आणि तुमच्या शॉपवर ती रेघ तुम्ही मॅचमध्ये पार चुन्यानं मारून दिली. कोल्हापूर विरुद्ध बिहार-ओडिशा! हेतू चांगला होता यात मला शंका नाही, पण टीमच अशा पाडल्यावर दुसरं काही होणं अवघड होतं. मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं आपल्याच देशात, उत्तर प्रदेशच्या खेड्यांत, वेगवेगळ्या जातींच्या बाराशेहून जास्त तरुण पोरांच्या क्रिकेट लीग भरवून हे तपासलंय, अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. एका टीममध्ये मिसळून खेळले त्यांची दुसऱ्या जातीत दोस्ती वाढली, विरुद्ध टीममध्ये समोर आले त्यांच्यात उलटा परिणाम दिसला. खेळ तोच, बॅट तीच, फरक फक्त कोण कुणाच्या बाजूनं याचा.

आता तुमच्या रोजच्या कामाकडं येते, कारण मॅच वर्षात एकदा, काम रोज. तुमच्या पत्रातलं मोल्डिंगला आपली आणि फेटलिंगला ती हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलाय, माझ्या मते दुखणं तिथंच आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच सांगून ठेवलंय की दोन गट एकत्र आले म्हणून पूर्वग्रह आपोआप जात नाहीत, त्याला चार गोष्टी लागतात, तिथल्या तिथं दोघांचा दर्जा सारखा पाहिजे, ध्येय एक पाहिजे, ते गाठायला एकमेकांची मदत लागली पाहिजे, आणि वरच्या माणसाचा उघड पाठिंबा पाहिजे. पुढं २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी असे ५१५ अभ्यास एकत्र करून बघितले, तर संपर्कानं पूर्वग्रह कमी होतो हे बहुतेक ठिकाणी दिसलं, चारही अटी पूर्ण नसल्या तरी थोडाफार होतो, पण असल्या तर जास्त होतो. तुमच्याकडं काय आहे? दर्जा सारखा नाही, एक बाजू बरीचशी कंपनीची आणि दुसरी ठेकेदाराची असणार असा माझा अंदाज आहे, धूळ आणि गरम कास्टिंग कुणाच्या वाट्याला ते पण राज्यावरून ठरलंय. आणि रिजेक्शन आलं की मोल्डिंगवाले फेटलिंगला बोलणार, फेटलिंगवाले मोल्डिंगला, म्हणजे साच्याच्या सँडमुळं कास्टिंगमध्ये आलेला ब्लोहोल, साधं एक भोक, पण कोल्हापूर-बिहार भांडण होऊन बसतो. रोज.

म्हणून कामाची वाटणी बदला. एकदम नको, एका लाईनपासून सुरू करा. चार-पाच जणांची मिसळलेली टोळी करा, तिच्यात मोल्डिंगपासून फेटलिंगपर्यंतची माणसं असू देत, आणि रिजेक्शनचा आकडा त्या टोळीचा म्हणून लावा. एक काळजी घ्या, टोळ्यांची आपापसात स्पर्धा लावू नका निदान सुरुवातीला, नाहीतर नव्या ईगल्स-रॅटलर्स तयार होतील, टोळीनं आपल्याच मागच्या महिन्याशी तुलना करावी. आणि टोळीत एकेकाला एकेक गोष्ट अशी शिकवा की जी बाकीच्यांना येत नाही, आणि ती त्यानंच बाकीच्यांना शिकवायची. ही आयडिया एलियट अॅरॉन्सनची, १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनला काळी, गोरी आणि मेक्सिकन मूळची मुलं नव्यानं एका वर्गात आली आणि भांडणं सुरू झाली तेव्हा त्यानं धड्याचे तुकडे करून एकेका मुलाला एकेक तुकडा दिला, पूर्ण धडा कळायचा तर सगळ्यांचं ऐकावंच लागायचं. ज्याच्या इंग्रजीला मुलं हसायची त्यालाच नीट प्रश्न विचारायला लागली, कारण त्याचा तुकडा त्याच्याशिवाय कुणाकडं नव्हता. तुमच्याकडं ओडिशाच्या पोराला मोल्ड तपासायला शिकवा, आपल्या पोराला ग्राइंडर धरायला लावा, म्हणजे एकमेकांचं काम किती अवघड आहे तेही कळेल. शिफ्टच्या सुरुवातीच्या सूचना मराठी आणि हिंदी दोन्हीत द्या, निम्म्या पोरांना न समजणाऱ्या भाषेत सेफ्टी सांगणं तसंही धोक्याचं.

रेट पाडला या तक्रारीला मी खोटं म्हणणार नाही, पोटाचा प्रश्न आहे, आणि जिथं खरोखर पैशाची ओढाताण असते तिथं गटांत वैर वाढतं हे शेरीफनंही सांगितलंय. पण रेट बिहारच्या पोरानं ठरवला नाही, तो ठेकेदार आणि मालकानं ठरवला, आणि राग मात्र शेजारी घाम गाळणाऱ्यावर निघतोय. सारख्या कामाला सारखा पैसा आणि सारखी सोय मिळत नसेल तर तुमच्या टोळ्यांचा अर्धा उपयोग तिथंच संपेल. हे तुमच्या हातात नाही, मालकांच्या हातात आहे, म्हणून तूच निस्तर हे मला पटलेलं नाही, त्यांना माझं हे उत्तर दाखवा हवं तर.

कारण चौथी अट वरच्या माणसाची आहे, आणि ती कशी पाळायची हे आपल्या शहराला ऑलपोर्टच्या कितीतरी आधी माहीत होतं. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते, सवर्ण नोकरांच्या हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना धंद्याला मदत केली, त्यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला गावातलं कोण येणार? तर महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायचे, चहा मागवायचे, सगळ्यांदेखत प्यायचे आणि बरोबरच्या माणसांनाही प्यायला लावायचे. सगळ्यांनी समतेनं राहावं असा नुसता हुकूम काढून ते घरी बसले असते तर हॉटेल चाललं नसतं. तुमच्या मालकांनी आठवड्यातून एकदा शॉपवर येऊन मिसळलेल्या टोळीबरोबर डबा खाल्ला तर माझ्या दहा पानी सल्ल्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. आणि ते येईपर्यंत तुम्ही बसा.

आता थोडं तुमच्याविषयी बोलते, रागावू नका. छठला गेली की गायब, भरवसा नाही, असं तुमची पोरं म्हणतात आणि तुम्हीही ते न खोडता लिहिलंय. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आपली किती पोरं सुट्टीवर असतात? भात लावणीला, घरच्या उसाला तोड आली की? तेव्हा आपण म्हणतो, शेती आहे, देवाचं आहे, जाणारच की. म्हणजे आपला माणूस गैरहजर असला तर त्याची परिस्थिती, आणि दुसरा गैरहजर असला तर त्याचा स्वभाव. याला पेटिग्रूनं १९७९ मध्ये कारण लावण्यातली परमचूक म्हटलंय, आणि त्याच्या आधीच, १९७४ मध्ये, दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांवरच्या एका छोट्या अभ्यासात हे दिसलं होतं, हिंदू माणूस चांगला वागला असं वाचलं की त्याचा स्वभावच तसा, तसाच चांगला मुसलमान वागला की काहीतरी कारण असेल, आणि वाईट वागण्याच्या वेळी उलट.

मला यात वाईट याचं वाटतं की माणसाची परिस्थिती बघायची सवय आपल्याकडं खरंतर जास्त आहे. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूरच्या लोकांची तुलना केली, ओळखीच्या कुणी असं का केलं विचारलं की शिकागोची मोठी माणसं स्वभाव सांगायची, म्हैसूरची माणसं त्याचं नातं, त्याची वेळ, त्याची अडचण सांगायची. लहान मुलांत हा फरक फारसा नव्हता, वयाबरोबर वाढत गेला, म्हणजे आपण हे मोठं होता होता शिकतो. मग ही शहाणीव बिहारच्या पोराच्या वेळी का आवरून धरायची? त्याचं गाव दोन रात्रींच्या प्रवासावर आहे, तिकीट मिळत नाही, घरी गेला की वर्षभराची सगळी कामं तेवढ्यात उरकायची असतात. सुट्टीचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीलाच बनवा, त्यात जोतिबा, गणपती, छठ, ओडिशाची रथयात्रा सगळं टाका, जोतिबाला त्यांनी तुमची जागा भरायची आणि छठला तुम्ही त्यांची. हे काम दोन्हीकडच्या पोरांना एकत्र बसवून करून घ्या.

आणि सगळ्यांना भैय्या म्हणून हाक मारणं बंद, ओडिशाच्या पोराला तर ते लागूच पडत नाही. बाहेरच्या गटातली माणसं आपल्याला एकसारखी दिसतात ही साधी मनाची सवय आहे, नावं पाठ केली की बरीच मोडते. सुरुवात तुमच्यापासून.

राहिली विश्वकर्मा पूजा. परवानगी द्या, आनंदानं द्या. मिसळायलाच मागत नाहीत या तक्रारीचंही उत्तर यातच आहे. जॉन बेरी हे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ, एका संस्कृतीतून दुसरीत आलेल्या माणसांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं, त्यांचं म्हणणं असं की अशा माणसापुढं दोन प्रश्न असतात, माझं स्वतःचं जपू का, आणि इथल्यांशी संबंध ठेवू का. दोन्हीला हो म्हटलं तर तो आपलं जपत इथं सामावतो, फक्त दुसऱ्याला हो म्हटलं तर आपलं सोडून इथलाच होतो, फक्त पहिल्याला हो तर वेगळा राहतो, आणि दोन्हीला नाही म्हणावं लागलं तर तो कुठलाच राहत नाही, त्याचे हाल सगळ्यात जास्त. ज्यांना दोन्ही जमतं ती माणसं बहुतेक वेळा मनानंही जास्त बरी असतात आणि नव्या जागी नीट रुळतात. पण हे एकट्या आलेल्या माणसाच्या मर्जीवर नसतं, इथल्या माणसांनी दार उघडलं तरच पहिला मार्ग शिल्लक राहतो. बिहार-ओडिशाची पोरं दुसऱ्या टोकाला जेवायला बसतात ते त्यांना आवडतं म्हणून का तिथंच कुणी टोमणा मारत नाही म्हणून, हे त्यांना कुणी विचारलंय का? आणि बघा ना, ती पोरं आपली पूजा खोलीवर उरकून घेत नाहीयेत, शॉपवर करूया म्हणून तुम्हाला विचारायला आलीत. हे मिसळायला मागणंच झालं की.

विश्वकर्मा पूजा बहुतेक वर्षी १७ सप्टेंबरला येते, खंडेनवमी त्यानंतर नवरात्रात. दोन्ही अवजारांच्या, मशीनच्या पूजा, त्यामुळं आपल्या पोरांना समजावणं फार जड जाऊ नये. पण नुसती परवानगी देऊन बाजूला होऊ नका, नाहीतर तो परत त्यांचा आणि आपला कार्यक्रम होईल. विश्वकर्माच्या तयारीत आपली दोन-तीन पोरं द्या, फर्नेस आणि मशीन धुणं-पुसणं टोळीनं मिळून करू दे, खंडेनवमीला त्यांची तेवढीच पोरं तयारीला. वर्गणी दोन्हीला सगळ्यांकडून सारखी किंवा कुणाकडूनच नको, खर्च कंपनीचा. प्रसाद-जेवण दोन्ही दिवशी शाकाहारी ठेवा, म्हणजे कुणी उपाशी बसायला नको. मालकांना दोन्ही पूजांना हजर राहायला आत्ताच सांगून ठेवा, आणि आपली पोरं फारच अडून बसली तर त्यांच्यातला सगळे ज्याचं ऐकतात असा एक माणूस असतोच, त्याच्याशी आधी एकटं बोला, सगळ्यांसमोर नको.

मॅचचं म्हणाल तर यंदा ठेवू नका, डोक्याचे टाके अजून ताजे आहेत. पुढच्या वर्षी त्याच मिसळलेल्या टोळ्या एकत्र करून दोन टीम पाडा आणि शेजारच्या फौंड्रीला खेळायला बोलवायचं असेल तर सगळ्या शॉपची मिळून एकच टीम उतरवा.